पिंपळझिरीची खरूज

जमादार भिकन तडवी सकाळीच रावेरच्या गुरांच्या दवाखान्यात शिरला, तेव्हा डॉ. राजकुंवर लोढा पिशवी भरत होती. बोथट ब्लेड, काचपट्ट्या, पोटॅशची बाटली, स्पिरिट, कापूस. पिंपळझिरीच्या वच्छलाबाईच्या बकऱ्यांच्या अंगावरची खरवड घ्यायची होती.

"कुठं निघाल्या, मॅडम?"

"पिंपळझिरीला."

"मंग चला बरोबर. मीबी तिथंच चाललोय." भिकनने टोपी काढून घाम पुसला. "पन ज्या बकऱ्यांसाठी चालल्यात, त्या आता नाहीत. रात्री गोठा जळाला. बठ्ठ्या गेल्या, एकबी राह्यली नाही."

राजकुंवरच्या हातातली काचपट्टी टेबलावर आपटली आणि फुटली.

"जळाला, की जाळला?"

"झाप्याले, गोठ्याच्या दाराले, बाहेरून तार गुंडाळेल होती म्हणे."

तिने पिशवी तशीच उचलली, लूनाला किक मारली आणि जमादाराच्या सायकलीची वाट न पाहता निघाली.

रस्ताभर केळीच्या बागा होत्या. तिला त्या दिसतच नव्हत्या. ऐन थंडीत वच्छलाबाईच्या बकऱ्यांना खरूज झाली होती, ती खरीखुरी. कान सोलवटलेले, नाकपुडीभोवती खपल्या, रात्रंदिवस कुडाला अंग घासणं. वच्छलाबाईच्या स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांतही पुरळ उठलं होतं. राजकुंवरने स्वतः उभं राहून केस कातरले, औषधाच्या पाण्याने बकऱ्या धुतल्या. अंड्यांतून निघालेले किडे मरावेत म्हणून काही दिवसांनी पुन्हा धुतल्या. गोठ्याला चुना लावून घेतला. बकऱ्या बऱ्या झाल्या, दूध परत आलं.

आणि मग गावातल्या दुसऱ्या बकऱ्यांच्या पाठी सडायला लागल्या. सरकारी औषधानं खरूज मेली नाही, उधळली, असं लोक म्हणू लागले. राजकुंवर दोनदा गेली होती, पण एकाही घराने बकरी दाखवली नाही. गावात रुपचंद नाना होते. ते ढोरांची औषधं जाणत. त्यांनी करंजाचं तेल वाटलं, तेही फुकट, आणि त्या तेलाने बकऱ्या बऱ्या होऊ लागल्या. मग गावाने एकच नाव धरलं, वच्छलाबाई. रोग तिने आणला. तिला विहीर बंद झाली. येत्या बाजाराला बकऱ्या विकून टाकायच्या, नाहीतर गाव सोडायचं, असं सरपंच निंबाआबांनी तिला सांगितलं होतं.

काल दुपारी ती रावेरपर्यंत चालत आली होती. "ताई, माझ्या बकऱ्यांना पुन्हा उठलं. पन हे येगळंच दिसतंय." राजकुंवर म्हणाली होती, "उद्या सकाळी येते."

पिंपळझिरी आली, आणि जळलेल्या केसांचा वास गावाबाहेरच तिच्या नाकात शिरला.

*

गोठा म्हणून काही उरलं नव्हतं. पऱ्हाट्यांचा कूड आणि वरचं गवत जळून खाली बसलं होतं. त्याखाली जे होतं त्याकडे राजकुंवरने एकदा पाहिलं. मग ती मुद्दाम दुसऱ्यांदा पाहत राहिली, विसरायचं नाही म्हणून. बकऱ्या झाप्याशी गोळा झाल्या होत्या. एकमेकींवर चढलेल्या.

गर्दी जराशी दूर उभी होती. पुढे रुपचंद नाना, दोन्ही हातांना मनगटापर्यंत पांढरं फडकं बांधलेलं.

"डॉक्टरीणबाई," नानांचा आवाज ओला होता, "नाही वाचवू शकलो हो. झापा उघडायले गेलो, हात भाजून घेतले. मुकी जनावरं. ज्यानं केलं त्याले देव पाहून घेईल."

"नानांनी जिवाची पर्वा नाही केली," कुणीतरी म्हणालं.

भिकन एव्हाना पोचला होता. त्याने झाप्याच्या जळक्या बांबूजवळ बसून तार उचलली. पिळा जसाच्या तसा होता.

"पहिलं कोण आलं इथं?"

"मी," सुपडू पुढे आला. शेजारचा, केळीचे घड ट्रकमध्ये भरायच्या कामाला जाणारा. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. "उजेड दिसला तसा धावलो. झाप्याकडून जाळ व्हता, जवळ जाववेना. मागून कुऱ्हाडीनं कूड तोडला. पन तव्हर वरचं बठ्ठं खाली आलं."

"तेव्हा नाना कुठं होते?"

"ते मागून आले. गाव आलं त्यांच्यासंगं."

"विहीर कुठंय?" राजकुंवरने विचारलं.

सुपडूने मान वळवली. विहीर हाकेच्या अंतरावर होती. रहाटाला दोर, कठड्यावर दोन बादल्या.

"पाणी कुणी आणलं?"

पुढची माणसं मागं सरली.

"मी विचारते, पाणी कुणी आणलं? एक बादली? एक तांब्या?"

"रोगाच्या बकऱ्या व्हत्या, बाई," निंबाआबा हळूच म्हणाले. "त्या गेल्या ते एका परीनं..."

"पुढं बोलू नका, आबा." तिचा आवाज चिरला. "तुमच्या नातवाला आईचं दूध नव्हतं तेव्हा कुणाच्या बकरीच्या दुधावर तो जगला? ह्या गर्दीत अजून किती घरं आहेत तशी? मान खाली घालू नका. ते बघा, झाप्याशी कशा पडल्यात ते बघा!"

भिकनने तिच्याकडे पाहिलं. ती थांबली आणि वच्छलाबाईच्या घराकडे वळली.

*

वच्छलाबाई घरात जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. दार लावून घ्या म्हणाली.

"मावशी, शेवटचं कधी पाहिलं बकऱ्यांना?"

"निजायच्या आधी. झापा मीच लावला. तार मी कधीच बांधत नाही, दोरी बांधते."

"कुणी धमकी दिली होती?"

"बठ्ठ्या गावानं." ती कोरडं हसली. "कोनाचं नाव सांगू? पन बाजारापर्यंत थांबू म्हनले व्हते. मी बी हो म्हनली व्हती. बाजाराले दोन दिवस राहेल व्हते. दोन दिवस काहून नाही थांबले, ताई?"

राजकुंवरने मान वर केली. हाच प्रश्न तिच्याही डोक्यात ठोके घालत होता.

"नव्या फोडांचं सांगा. कधी दिसले?"

"तीन-चार रोज झाले. मी पान्याले नदीवर गेली व्हती. विहीर बंद, तर लांब जावं लागे. परत आली तं बकऱ्या गोठ्यात नाचत व्हत्या, पाठ वाकवत व्हत्या. दुसऱ्या दिवशी फोड."

"नानांचं तेल लावलं?"

"नाही. त्यांनी दिलं व्हतं. मी म्हनली, माझ्या ताईच्या औषधानं बऱ्या झाल्या बकऱ्या, मी ते चारचौघांत सांगेन. मले काय भ्याव?"

मग वच्छलाबाई उठली. मागच्या खोलीचं गोधडीचं आडोसं बाजूला केलं. आत अंधारात एक पांढरी बकरी उभी होती, पोट जमिनीला टेकायला आलेलं.

"चांदी. रात्री विनार असं वाटत व्हतं म्हनून घरात घेतली. गावाले माहीत नाही. सांगू नको, ताई. हिलेबी मारतीन."

राजकुंवर गुडघ्यांवर बसली. तिने आधी कान पाहिले. स्वच्छ. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांवर, कासेवर काहीच नाही. फोड फक्त पाठीच्या मागच्या भागावर, तळहाताएवढा पट्टा. त्याच्या कडेचे केस काळे, चकचकीत, एकमेकांना चिकटलेले. तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. साबण लावला. काळा डाग तसूभरही हलला नाही.

"मावशी, तुमच्या बोटांना या खेपेला खाज आली?"

"नाही. मागच्या खेपेले जीव नकोसा झाला व्हता. या खेपेले काही नाही."

राजकुंवरने फोडाच्या कडेची खरवड घेतली. एका जागेची नाही, चार जागांची, रक्त दिसेपर्यंत. मग थोडे काळे केस कातरून कागदात गुंडाळले.

*

यानंतर ती घरोघर फिरली. भिकन बरोबर होता म्हणून या वेळी दारं उघडली. ज्यांच्या बकऱ्या नानांच्या तेलाने बऱ्या झाल्या होत्या, त्यांच्या पाठीवर सगळीकडे तसाच पट्टा, बरा होत आलेला. पुठ्ठ्यावर, पाठीवर, जिथे उभ्या माणसाचा हात सहज पोचतो तिथे. त्याच बकऱ्यांना लुचणारी करडं मात्र गुळगुळीत.

"बकऱ्या पाण्यावर कुठं नेता?" तिने एका बाईला विचारलं.

"हाळावर, ढोरांच्या हौदावर. दुपारी बठ्ठ्या तिथंच जमतात."

"तिथं कोण असतं?"

"आमीच बाया. कधी नाना येतात. त्यांले जनावराचा लई लळा. एकएकीच्या पाठीवरून हात फिरवतीन."

राजकुंवर पुढच्या दाराकडे वळली.

शेवटचं घर नानांचं. ओसरीवर निवडणुकीच्या भिंतपत्रकांचा गठ्ठा होता. नाना पंचायत समितीला उभे होते. आत त्यांची बायको, प्रमिलाबाई, पाट्यावर काहीतरी वाटत होती.

"नाना, हात दाखवा. मलमपट्टी करते."

"राहू द्या." नाना हसले. "तुम्ही ढोरांच्या डाक्टर. माझं मी पाहून घेईन."

"भाजल्यावर काय लावलंत?"

"घरचंच. कोरफड."

राजकुंवरची नजर पाट्यावर गेली. तीळ आणि खोबरं. मिरची नाही, लसूण नाही, मिठाचा खडाही नाही. ज्या मुलखात लसूण-मिरचीवाचून चटणी होत नाही, तिथे पाट्यावर नुसता तेलकट पांढरा गोळा.

"चटणी का, प्रमिलाबाई?"

प्रमिलाबाईचा वरवंटा थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली. "हो," ती म्हणाली. आवाज ऐकू येईल न येईल इतका.

राजकुंवर बाहेर आली. लूनाला किक मारायला तिने पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काय झालं, मॅडम?" भिकनने विचारलं.

"काल संध्याकाळी रावेरच्या स्टँडवर नाना भेटले होते. ऊन होतं, तरी दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले. तसाच नमस्कार केला. म्हणाले, पिंपळझिरीला कधी येणार? आणि मी सांगितलं, जमादार. मीच सांगितलं. उद्या सकाळी वच्छलाबाईकडे येते, खरवड घेते, काचेखाली बघते म्हणजे काय ते कळेल."

"मंग?"

"गावकऱ्यांना पारावर जमवा. मी रावेरला जाऊन येते. दुपारपर्यंत नानांना गाव सोडू देऊ नका."

*

दुपारी पारावर गाव जमलं होतं. नाना मधोमध, हात मांडीवर. निंबाआबा शेजारी. वच्छलाबाई लांब, सुपडूच्या बाजूला उभी होती. राजकुंवर बसली नाही.

"तुम्ही म्हणता वच्छलाबाईच्या बकऱ्यांनी गावात खरूज आणली," ती म्हणाली. "थंडीत तिच्या बकऱ्यांना खरूज होती, खरं आहे. तेव्हाची खरवड मी काचेखाली पाहिली होती, किडे वळवळत होते. त्यानंतर तुमच्या बकऱ्यांना जे झालं, ती खरूज नव्हती."

गर्दीत कुजबुज उठली.

"खरूज कानापासून, तोंडापासून सुरू होते. तुमच्या एकाही बकरीचा कान खराब नाही. आईला खरूज असली तर लुचणाऱ्या करडाला ती आधी लागते. तुमची करडं स्वच्छ. धार काढणाऱ्याच्या हाताला खाज सुटते. सुटली का कुणाला? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"आज सकाळी चार जागांची खरवड घेतली. एक किडा नाही, एक अंडं नाही."

"कशाची खरवड?" नाना पटकन म्हणाले. "बकऱ्या तं जळाल्या."

"एक उरली आहे."

नानांनी वळून वच्छलाबाईकडे पाहिलं. भिकन त्यांच्या मागे येऊन उभा राहिला.

"बोदवडला आमच्या आजोबांचं काष्ठौषधीचं दुकान होतं," राजकुंवर म्हणाली. "सातपुड्यातून बिब्ब्याची पोती यायची. एकदा एक पोतं फुटलं आणि हमालाचं तोंड सुजून डोळे मिटले. परीट कपड्यांवर खूण करतात ती बिब्ब्याच्या तेलाने, कारण तो काळा डाग कशानेही जात नाही. बकऱ्यांच्या फोडाकडेला तोच डाग आहे. तुमच्या बकऱ्यांना रोग झाला नव्हता. त्यांच्या पाठीला बिब्बा फासला होता. हाळावर, भर दुपारी, तुमच्या डोळ्यांदेखत. लळ्याने पाठीवरून हात फिरवताना, बहुतेक उपरण्याआड धरलेल्या, काडीला बांधलेल्या चिंधीने."

सगळ्यांचे डोळे नानांकडे वळले.

"बिब्ब्याचा फोड काही दिवसांनी आपोआप भरतो. वरून करंजाचं तेल लावा नाहीतर नळाचं पाणी लावा. नानांनी रोग दिला, नानांनीच तो बरा केला, आणि फुकट. गावोगावी नाव झालं. उद्या मतं मागायला दुसरं काय सांगावं लागणार होतं?"

"खोटं!" नाना उठू लागले. भिकनने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"एकच बाई आड आली. तिच्या बकऱ्या माझ्या औषधाने बऱ्या झाल्या होत्या, आणि ती ते सांगत फिरत होती. म्हणून ती नदीवर गेलेली पाहून नाना तिच्या गोठ्यात शिरले. तिथं बकऱ्या हाळावरच्यासारख्या शांत उभ्या राहिल्या नाहीत. उड्या मारल्या आणि बिब्बा नानांच्याच हातांवर उडाला. पुढं ती माझ्याकडे आली. सकाळी मी खरवड घेणार हे फक्त तिला, मला आणि नानांना माहीत होतं. गाव बाजाराची वाट पाहत होतं, गावाला घाई नव्हती. घाई नानांना होती. कातडीच जळाली की खरवड कशाची घेणार? आणि अख्ख्या गावाने धमक्या दिल्या असताना एकट्या नानांवर संशय कोण घेणार?"

"अन् हे हात?" नाना ओरडले. "हे तं विस्तवानं भाजलेत! तिच्याच बकऱ्या वाचवताना!"

"सुपडू, नाना आले तेव्हा झापा कसा होता?"

"वरचं बठ्ठं कोसळेल व्हतं. झाप्याजवळ कोनीच गेलं नाही," सुपडू म्हणाला.

"तारेचा पिळा जसाच्या तसा सापडला," भिकन म्हणाला. "उघडायले हात लावला असता तं तो सुटला असता."

"फडकी सोडा, नाना," राजकुंवर म्हणाली.

नानांनी हात मांडीखाली घेतले. भिकनने ते ओढून बाहेर काढले आणि फडकी सोडली. खाली तीळ-खोबऱ्याचा लेप होता. तो त्याने ओल्या कपड्याने पुसला. आदल्या रात्री भाजलेल्या हातांना ताजे, पाणीभरले फोड असायला हवे होते. नानांच्या मनगटांवर सुकून आलेल्या खपल्या होत्या, तीन-चार दिवसांच्या. आणि त्यांच्या कडेने काळा, चकचकीत डाग.

पारावरच्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. "बिब्बा उतलाय," ती म्हणाली. "तीळ-खोबरं बिब्ब्यालेच लावतात."

नाना क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मग त्यांचा चेहरा बदलला. ओला आवाज कुठल्या कुठे गेला.

"काय मोठं झालं?" ते म्हणाले. "बकऱ्याच तं व्हत्या. मानूस मेलं का कोनी? भरून देतो. दुप्पट देतो."

राजकुंवर पुढे सरसावली. तिचा हात उठला होता, तो मध्येच थांबला. तिने तो मुठीत आवळून खाली घेतला.

निंबाआबा खाकरले. "जमादारसाहेब, झालं ते वाईट झालं. पन नाना गावचा मानूस आहे. इलेक्शन तोंडावर आहे. गावातल्या गावात मिटवू. वच्छलाले बकऱ्या घेऊन देऊ. विहीरबी खुली करून टाकू. काय, वच्छला?"

गर्दी वळली. वच्छलाबाई सुपडूच्या बाजूने चालत पारापाशी आली. पहिल्यांदाच सगळ्यांनी तिला वाट करून दिली.

"खुली करून टाकू?" ती म्हणाली. "विहीर कोनाच्या बापाची व्हती म्हनून बंद केली, ते आधी सांगा, आबा."

निंबाआबा पाराच्या कडेला सरकले.

"यानं काडी लावली, मले समजलं. पन रात्री माझ्या बकऱ्या वरडत व्हत्या. तुमच्या बठ्ठ्यांच्या घरात ऐकू गेलं. त्यांच्या दुधावर तुमची लेकरं उठून उभी राह्यली. बादल्या कठड्यावर व्हत्या. एकानं नाही उचलली." तिचा आवाज चढला नाही. "अन् आता मिटवायचं म्हनता. मिटवा. माझ्या बकऱ्या इथं आनून उभ्या करा, जित्या. मंग मिटवते."

ती भिकनकडे वळली.

"लिहा, जमादार. माझी फिर्याद लिहा. विहीर कोनी बंद केली तेबी लिहा. मी नावं सांगते."

भिकन पारावर बसला आणि त्याने पेनचं टोपण काढलं. गर्दीतले दोन-तीन जण मागच्या मागे सरकू लागले, तर सुपडू वाटेत जाऊन उभा राहिला.

"निंबा," वच्छलाबाईने पहिलं नाव सांगितलं.